बिअरचे उरलेले यीस्ट: ड्रायर घेण्याआधी

संपादक महोदय,

बिअर कारखान्यातले उरलेले यीस्ट सुकवा आणि प्रथिनांची पावडर म्हणून विका, असा सल्ला उद्योगविषयक लेखांत वरचेवर वाचायला मिळतो. सल्ला खोटा नाही, पण त्यात ड्रायरची चर्चा आधी होते आणि कच्च्या मालाची जवळजवळ होतच नाही. खरे तर यीस्ट किण्वनटाकीतून बाहेर पडले की त्याच दिवशी ठरवावे लागते: ते मारायचे, की त्याच्यातली एन्झाइम शाबूत ठेवायची? पशुखाद्यासाठी ते मारावे लागते, अर्कासाठी, म्हणजे पेशीतले सत्त्व वेगळे काढण्यासाठी, एन्झाइम लागतात. उष्णतेने मारलेल्या यीस्टपासून पुढे अर्क काढायचा म्हटले तर बाहेरून एन्झाइम विकत आणून घालावी लागतात.

शंभर लिटर बिअरमागे साधारण दीड ते तीन किलो दाट, फेसाळ द्रव उरतो. त्यात कोरडा अंश १० ते १५ टक्के, बाकी बिअर. कोरड्या अंशात प्रथिने ४५ ते ५० टक्के धरली जातात, पण ती नायट्रोजन मोजून काढलेली असतात आणि त्यातला काही नायट्रोजन न्यूक्लिक आम्लांचा असतो, म्हणून खरी प्रथिने त्याहून कमी भरतात. हा द्रव २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवून एक-दोन दिवसांत वापरावा. उबेत पेशी आपल्याच एन्झाइमने फुटू लागतात, आतले सत्त्व बिअरमध्ये उतरते, जिवाणू त्यावर पोसतात आणि सडका वास येतो. असा माल कितीही धुतला तरी सुधारत नाही. शिवाय जिवंत यीस्ट वायू सोडत राहते, त्यामुळे ते बंद पिंपात भरणे म्हणजे पिंप फुटण्याची वाट पाहणे.

छोट्या कारखान्याने पातळ पशुखाद्यापासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. द्रव ढवळत ७० ते ७५ अंशांवर न्यायचा आणि पंधरा मिनिटे तिथेच धरायचा. तापताना वायू व अल्कोहोल निघून फेस उसळतो, म्हणून टाकीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. ही पायरी वगळून जिवंत यीस्ट जनावरांना घातले, तर ते पोटात पुन्हा आंबते, पोटफुगी होते आणि खाद्यातले थायमिनही यीस्टच शोषून घेते. नुसते प्रोपिऑनिक आम्ल हे परिरक्षक घातल्याने माल टिकतो, पण यीस्ट मेलेच असे नाही.

पावडर करायची तर पाण्याचा हिशेब आधी करा. १२ टक्के कोरड्या अंशाच्या एक टन द्रवातून ६ टक्के ओलाव्याची पावडर सुमारे १२८ किलो मिळते. म्हणजे ८७२ किलो द्रव वाफेने उडवायचा. तोच माल आधी सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून घन व द्रव वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढून २० टक्क्यांवर आणला, तर उडवायचे ४७२ किलोच राहतात. तापलेल्या फिरत्या पिंपावर द्रवाचा थर सुकवणारा ड्रम ड्रायर साधा आणि पशुखाद्याला पुरेसा आहे; मात्र थर जाड पडला की वरून कोरडा, आतून ओला राहतो आणि पोत्यात बुरशी धरते.

माणसाच्या खाण्यासाठी मात्र हॉप्सचा कडवटपणा आडवा येतो. कडू द्रव्ये पेशीच्या भिंतीला चिकटलेली असतात, नुसत्या पाण्याने ती पुरेशी निघत नाहीत. द्रव ८० ते १०० मेशच्या (इंचाला तितकी छिद्रे असलेल्या) कंप्यमान चाळणीतून गाळून हॉप्सचा व प्रथिनांचा गाळ वेगळा करायचा, थंड पाणी मिसळायचे आणि विरल कॉस्टिक सोड्याने पीएच ९ ते १० वर आणायचा. तापमान १० अंशांखालीच हवे आणि वेळ दहा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मग सेंट्रिफ्यूज, थंड पाण्याने दोन धुणी, आणि शेवटी आम्लाने पीएच ५.५ च्या आसपास. इथे घाई नडत नाही, ऊब नडते. कोमट द्रवात सोडा पडला की पेशी फुटतात आणि विकायची प्रथिने धुण्याच्या पाण्याबरोबर सांडपाण्यात जातात. त्या पाण्याचा जैविक भार प्रचंड असतो. ते शुद्ध करण्याचा खर्च ताळेबंदात धरलाच पाहिजे.

सर्वांत जास्त मोल अर्काला. १९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्टन येथे मार्माइट हे पावाला लावायचे खारट यीस्ट-अर्काचे उत्पादन सुरू झाले ते बिअरच्या यीस्टवरच. पद्धत अशी: धुतलेले यीस्ट १५ टक्के कोरड्या अंशाला आणायचे, २-३ टक्के मीठ घालायचे, पीएच ५ ते ५.५ ठेवायचा आणि ४५ ते ५५ अंशांवर २४ ते ४८ तास मंद ढवळायचे. ४५ च्या खाली जिवाणू माजतात, ६० च्या वर प्रथिने तोडणारी एन्झाइम निकामी होऊ लागतात. दर काही तासांनी थोडा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरच्या निवळीचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) मोजावा. तो वाढायचा थांबला की काम झाले. मधेच पीएच भराभर उतरू लागला तर संसर्ग झाला असे समजावे. नंतर ८५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे तापवून एन्झाइम थांबवायची, भिंती सेंट्रिफ्यूजने वेगळ्या करायच्या आणि निवळी निर्वातात आटवायची. कोरड्या अंशाचा निम्मा किंवा थोडा जास्त भाग अर्कात येतो; उरलेल्या भिंतींत बीटा-ग्लुकान व मॅनन ही बहुशर्करा असते, त्यालाही पशुखाद्यात गिऱ्हाईक आहे. अर्काची पावडर हवेतला ओलावा झटकन ओढते आणि स्प्रे ड्रायरच्या भिंतींना चिकटते, म्हणून बहुधा त्यात माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर मिसळतात. नवख्याने आटवलेला दाट लगदाच विकावा हे बरे.

आरोग्याचे दावे जपून करावेत. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी १९३१ मध्ये मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयावर यीस्टच्या अर्काचा गुण दाखवून दिला, आणि त्यातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. परंतु बी१२ यीस्ट स्वतः तयार करत नाही. वेष्टनावर ते लिहायचे तर वेगळे मिसळावे लागते. कोरड्या यीस्टमध्ये ६ ते ८ टक्के आरएनए (एक न्यूक्लिक आम्ल) असते, त्याचे शरीरात युरिक आम्ल होते. अशा स्रोतांतून दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त आरएनए नको हा मान्य संकेत पाहता पावडर २५ ग्रॅमच्या आतच ठेवावी, आणि गाउटच्या (युरिक आम्ल वाढून सांधे दुखण्याच्या विकाराच्या) रुग्णांनी ती टाळावी. बिअरचे यीस्ट बार्लीतून आलेले असल्याने वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापू नये. अर्कात टायरामाइन असते, ते एमएओ रोधक गटातल्या (नैराश्यावरील काही) औषधांबरोबर रक्तदाब धोकादायक वाढवू शकते, तेव्हा ती औषधे घेणाऱ्यांसाठी वेष्टनावर ठळक इशारा हवा.

आपले,
किण्वन व अन्नप्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक