‘सही करून टाकायची, संपलं!’

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, दुपार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

फोन आधी तू ठेवलास की मी, यावर नंतर भांडू. बाबांच्या मते दोघींनी एकदमच ठेवला. चिडल्यावर माझं इंग्रजी अडखळतं आणि तुझं मराठी संपतं, म्हणून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय. मराठी शाळेत तुला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ सारखेच दिसायचे, ते मी विसरलेले नाही.

विषय होता रोहनदादाच्या कॉलेजच्या कर्जाचा. राष्ट्राध्यक्षांच्या योजनेत त्याचे दहा हजार डॉलर माफ व्हायचे होते आणि जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती सगळी योजनाच रद्द केली. तू म्हणालीस, “एवढं काय अवघड आहे? राष्ट्राध्यक्षाने सही करून टाकायची, संपलं!” कोर्ट म्हणालं की सुमारे त्रेचाळीस हजार कोटी डॉलर सोडून द्यायचे तर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तसा स्पष्ट कायदा करायला हवा, जुन्या कायद्यातल्या दोन शब्दांना ताणून ते जमणार नाही. रोहनच्या बाजूने मलाही वाईट वाटलं. तो अजून हप्ते भरतोय. पण तुझ्या त्या वाक्यावर मी एवढी भडकले कशी, ते माझं मलाच नंतर कळलं. ते वाक्य माझं होतं.

तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी मी इथे आले ती एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याच्या मागून मिळणाऱ्या व्हिसावर. पुण्यात बँकेत सहा वर्षं काढलेली बाई इथे ‘आश्रित’ झाले. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, पगार नाही. एका सरकारी खिडकीवरच्या बाईने माझा कागद उलटसुलट करून विचारलं, “म्हणजे तुम्ही कोणाच्या?” मी बाबांकडे बोट दाखवलं. घरी येऊन पोळ्या लाटताना मला त्या बोटाची लाज वाटली.

मग २६ मे २०१५ पासून ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या नवरा-बायकोंना कामाची परवानगी मिळू लागली. काँग्रेसने कायदा केला नव्हता; राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनाने नियम काढला होता. हा अधिकार त्यांना कुठून आला, असं मी विचारलं का? छे! मी शिरा केला. दातांच्या डॉक्टरांकडे हिशेबाचं काम मिळालं, पहिल्या पगारातून तुला सायकल घेतली. विरोधक लगेच कोर्टात गेले होते. मला ते सरळ दुष्ट वाटायचे. काहींचे हेतू होतेही तसे. पण त्यांचा प्रश्न दुष्ट नव्हता: काँग्रेसने न दिलेली गोष्ट खात्याला देता येते का?

२०१७ च्या डिसेंबरात नव्या प्रशासनाने जाहीर केलं की तो नियम मागे घेणार. ज्या पेनाने दिलं त्याच पेनाने घ्यायचं, फक्त हात दुसरा. आम्हा बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्या रात्री कोणी झोपलं नाही. पुढच्या वर्षी आपलं ग्रीन कार्ड आलं म्हणून मी सुटले. बाकीच्या २०२१ च्या जानेवारीपर्यंत टांगलेल्या होत्या. तेव्हा तो प्रस्ताव मागे घेतला गेला, तोही पुन्हा हात बदलला म्हणूनच. कोणी घराचं कर्ज काढलं नाही, कोणी दुसरं मूल पुढे ढकललं. नियम शेवटपर्यंत रद्द झाला नाही, तरी तीन वर्षं तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसून होता.

तू माझ्या कागदपत्रांच्या निळ्या फाइलला हसतेस. “आई, तू सिटिझन आहेस आता, फेक ते.” ती सवय वाईच्या आजोबांची. त्यांच्या जमिनीवर चुलत भावाने परस्पर नाव चढवायचा घाट घातला होता, तेव्हा तलाठ्याकडे हेलपाटे घालून त्यांनी मुदतीत हरकत घेतली आणि फेरफार हाणून पाडला. ते म्हणायचे, नोंद पक्की करण्याआधी नोटीस द्यावी लागते आणि हरकत ऐकावी लागते, त्या दोन गोष्टींवर आपली जमीन उभी आहे. सातबारा नुसता कागद. मला तेव्हा हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा.

आता तुला एका माणसाची गोष्ट सांगते. तुमच्या प्राध्यापकांनी शिकवली नसेल. सखाराम गणेश पंडित. नावावरून कऱ्हाडच्या पेठेत भेटावा असा. हे गृहस्थ लॉस एंजेलिसमध्ये वकील होते. १९१४ मध्ये तिथल्या कोर्टासमोर रीतसर सुनावणी होऊन त्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. त्या काळी नागरिक व्हायचं तर माणूस ‘गोरा’ हवा, नाहीतर आफ्रिकन वंशाचा हवा. आपण मध्येच कुठेतरी लोंबकळत होतो. भगतसिंग थिंद नावाचा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याचं नागरिकत्वाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्याची बाजू मांडायला पंडित उभे राहिले. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. एकमताने हरले. तीनच महिन्यांपूर्वी त्याच कोर्टाने एका जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंदच्या वेळी म्हणाले, शास्त्र भारतीयांना कॉकेशियन म्हणत असलं तरी सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे एकच, न्यायमूर्ती सदरलँड. ते स्वतः जन्माने इंग्लंडचे, लहानपणी इथे आलेले. (यावर मी काही बोलत नाही.)

खरी गोष्ट पुढे आहे. निकाल हाती आल्यावर केंद्र सरकार मागे वळलं. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांची प्रमाणपत्रं रद्द करायला खटले भरू लागलं. या लोकांनी काही खोटं सांगितलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वैष्णो दास बगाईंचंही गेलं. ते बायको-मुलांसह १९१५ मध्ये आलेले, दुकान थाटलेले. इंग्रजांचं प्रजाजनपण सोडून अमेरिकन झाले होते, आता कुठलेच उरले नाहीत. भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. मार्च १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी सोन्याच्या पिंजऱ्यातल्या जगण्याबद्दल लिहिलंय, इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले. मी ते पत्र एकदाच वाचलं.

पंडितांवरही खटला झाला. अशिलाची बाजू लढून हरलेला वकील आता स्वतः प्रतिवादी. त्यांची बायको गोरी अमेरिकन. त्या काळच्या कायद्याने नवरा नागरिक व्हायला अपात्र ठरला तर तिचंही नागरिकत्व धोक्यात. (बायकोचा कागद नवऱ्याच्या कागदाला टाचलेला! मला त्या खिडकीवरची बाई आठवली.) पंडितांनी आपण गोरे आहोत की नाही हा वाद या वेळी मुख्य केलाच नाही. त्यांचं म्हणणं असं: १९१४ मध्ये माझी सुनावणी झाली, तुम्हाला हरकत घ्यायची संधी होती, वर अपील करायची संधी होती. तुम्ही केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, घर घेतलं, लग्न केलं. आता नऊ वर्षांनी तुम्हाला तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. खालचं कोर्ट त्यांच्या बाजूने गेलं, १९२६ मध्ये अपील कोर्टानेही तेच धरलं, आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकून घ्यायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने उरलेले खटले सोडून दिले. आजोबा असते तर म्हणाले असते, हरकतीची मुदत गेली, नोंद पक्की!

आपल्याला दारं उघडायला १९४६ उजाडलं. त्या कायद्यावर २ जुलैला ट्रुमनने सही केली आणि भारतीयांना वर्षाला शंभर जागा मिळाल्या. शंभर! आपल्या गणपतीच्या आरतीला त्याहून जास्त माणसं असतात. पण ती सही काँग्रेसने केलेल्या कायद्यावरची होती.

याच ट्रुमनने १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना पोलादाचे कारखाने ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. संप होणार होता, रणांगणावर पोलाद कमी पडेल ही भीती खोटी नव्हती. सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांच्या आत तो हुकूम सहा विरुद्ध तीन मतांनी मोडला: काँग्रेसने हा अधिकार दिलेला नाही, आणि राष्ट्राध्यक्ष कायदे करत नाही. त्या नऊपैकी चौघे ट्रुमननेच नेमलेले होते, त्यातले दोघे त्याच्या विरुद्ध गेले. उरलेले पाचही त्याच्याच पक्षाच्या रूझवेल्टने नेमलेले. आणि मला सगळ्यात आवडतो तो त्यातला रॉबर्ट जॅक्सन. हा पूर्वी रूझवेल्टचा ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा सगळ्यात मोठा वकील, होता आणि त्या खुर्चीवरून त्याने अशाच एका जप्तीचं समर्थन केलेलं. सरकारी वकिलांनी त्याचेच शब्द त्याच्यापुढे ठेवले. त्याने लिहिलं की तेव्हाची वकिली मला आज न्यायाधीश म्हणून बांधून ठेवत नाही. २०१५ च्या शिऱ्यानंतर मला या माणसाचा फार आधार वाटतो.

तू म्हणशील, आई रिपब्लिकन झाली. नाही गं बाई. राज्यं काही साधू नाहीत. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना राज्याने अडवलं तेव्हा आयझेनहॉवरने सैन्य पाठवलं, आणि ते पाठवायलाच हवं होतं. तिथे मागे घटनेचं कलम होतं आणि कोर्टाचा निकाल होता. उलट टोकाला आपलं न्यू जर्सी बघ. टीव्हीवर त्या बेटिंगच्या जाहिराती लागल्या की तू आवाज बंद करतेस ना? त्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने आल्या. आपलं राज्य जिंकलं, कारण काय करायचं आणि काय नाही याचा हुकूम काँग्रेसला राज्याच्या विधिमंडळाला सोडता येत नाही. केंद्राच्या हुकमावरून बंदुकीच्या खरेदीदारांची तपासणी करायला नाही म्हणालेला माँटानाचा एक शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, त्याच तत्त्वावर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला होता. आणि आज एखादं शहर केंद्राला सांगतं की लोकांना हद्दपार करायच्या कामाला आमचे पोलीस मिळणार नाहीत, तेही तेच निकाल दाखवतं. बंदूकवाल्यांनी बांधलेला बांध आज कोणाचं शेत राखतोय, बघ. तुला बंदुका आवडत नाहीत, मलाही नाहीत. पण तो शेरीफ हरला असता तर?

आता जे लिहायला कागद घेतला ते. इतकं लांबण लावलं कारण हे अवघड आहे.

२०१७ चं शरद, तू सहावीत. फुटबॉलचे खेळाडू राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसत होते आणि घराघरात त्यावर वाद चालले होते. एका सकाळी वर्गात झेंड्याची प्रतिज्ञा म्हणायच्या वेळी तू बसून राहिलीस. शाळेतून फोन आला. बोलणारी गोड होती, पण फोन आला. मी तुला गाडीत बसवलं आणि काय म्हणाले ते तुला आठवत असेल. “उद्यापासून उभं राहायचं. आपला अर्ज चालू आहे.” तू म्हणालीस, “माझा कुठे चालू आहे? माय बर्थ सर्टिफिकेट सेज न्यू जर्सी.” मी म्हणाले, उलट बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी तू उभी राहिलीस.

ते कोणाच्याही कायद्यात नव्हतं, सई. १९४२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात दोन बहिणींना झेंड्याला सलाम करायला त्यांचा धर्म आड येत होता म्हणून शाळेतून काढलं होतं. दोनच वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी म्हटलं होतं की शाळा अशी सक्ती करू शकते. १४ जून १९४३ ला, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच कोर्टाने आपला निकाल फिरवला. निकाल लिहिला जॅक्सननेच. म्हणजे तुला बसायचा हक्क तू जन्मायच्या साठ-बासष्ट वर्षं आधी मिळालेला होता. शाळेने तुला उभं केलं नाही, वॉशिंग्टनने नाही. मी केलं, गाडीत बसून, पेट्रोलपंपासमोर. माझ्या अर्जाच्या भीतीने मी तुझा हक्क खर्च केला आणि तुला विचारलंही नाही.

मागच्या वर्षी मी शपथेसाठी हात वर केला तेव्हा तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतीस आणि माझ्या डोक्यात ती गाडी होती. तेव्हाच बोलायचं होतं. नंतर आपण जेवायला गेलो आणि राहून गेलं. चुकले गं मी.

कर्जाबद्दल तुझं मत तू ठेव. रोहनदादासाठी काँग्रेसमधल्या आपल्या माणसाला पत्र लिहायचं असेल तर मीही सही करते, माझी सही आता चालते.

चकल्या झाल्यात, चिवडा उद्या. शनिवारी येशील तेव्हा रिकामे डबे परत आण, मागचे तीन तिकडेच आहेत. तुझं टपालाने मत द्यायचं पाकीट आलंय. फळांच्या टोपलीशेजारी ठेवलंय. उघडलेलं नाही.

तुझी,
आई