ग्रीन काउंटीतल्या आजोबांना, त्या पहाटेबद्दल

आजोबा, नमस्कार.

परवा तुमच्या नातीचा मेसेज आला, गोठ्यातल्या गायी विकल्या म्हणून. सोबत एक फोटो, रिकामी दावण, गव्हाणीत तसाच पडलेला मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) आणि खांबावरचा तो जुना रेडिओ. फोटो बघत किती वेळ बसलो मलाच कळलं नाही. मग ठरवलं की इतकी वर्षं बोलायचं राहिलंय ते आता लिहून टाकायचं, आणि मराठीतच लिहायचं, कारण इंग्रजीत यातलं निम्मं पण मला सांगता येणार नाही. नात तुम्हाला वाचून दाखवेल, मी तिला भाषांतर करून देतोय. पण आमच्या इकडच्या माणसांनी पण हे वाचावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

इकडच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, घरी दोन म्हशी आणि एक एचएफ म्हणजे होल्स्टिन जातीची गाय, वडील सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायचे आणि घरी आल्या आल्या आई विचारायची, फॅट किती लागली. मी डेअरी सायन्स शिकायला गेलो ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला, मॅडिसनच्या युनिव्हर्सिटीत, जिथे १८९० मध्ये बॅबकॉक नावाच्या प्रोफेसरनं दुधातली फॅट मोजायची सोपी टेस्ट काढली आणि पेटंट न घेता सगळ्यांना देऊन टाकली. त्या राज्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवर पण डेअरीचं नाव असतं. प्रोजेक्टसाठी दुधाची सॅम्पल्स घ्यायला मी काही गोठ्यांवर जायचो, त्यातला एक ग्रीन काउंटीतला तुमचा, ५२ गायींचा. तुमचे पूर्वज स्वित्झर्लंडहून आलेले, त्या लोकांनी १८४५ मध्ये वसवलेलं न्यू ग्लॅरस तुमच्यापासून जवळच. सगळे तुम्हाला ग्रँपा म्हणायचे, मी मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून आजोबाच म्हणत होतो.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं, रूममेट आपापल्या घरी गेले, भारतात जाणारी विमानं २२ तारखेपासून बंद. तुम्ही फोन करून एवढंच म्हणालात की वरची खोली रिकामी आहे, जेवण सहा वाजता असतं. कोण कुठला मी, आणि त्या दिवसांत तर लोक सख्ख्या भावाला दारात उभं करत नव्हते.

एप्रिलमधली ती रात्र. साडेबाराला भावाचा फोन आला, वडील गेले, हार्ट अटॅक. तिकडे सकाळचे अकरा वाजलेले. लॉकडाऊनमुळे मोजकीच माणसं, आणि मी तर पोचूच शकत नव्हतो. दुपारी तीनला अग्नी दिला, म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे साडेचार. ते मी मोबाईलवर बघितलं, भावाचा हात थरथरत होता म्हणून चित्र सारखं हलायचं, मग रेंज गेली आणि स्क्रीन काळी झाली. मी जिन्यात बसून होतो. तुम्ही गोठ्यावर जायला निघालेलात, मला बघितलंत, काय झालं ते आजींनी हळू आवाजात सांगितलं. तुम्ही काही क्षण उभे राहिलात, मग दाराजवळचे तुमच्या मुलाचे जुने गमबूट उचलून माझ्यासमोर ठेवलेत आणि म्हणालात, "चल, गायी वाट बघतायत."

आजोबा, मला त्या वेळी कुणी मिठी मारली असती, चार शब्द बोललं असतं तर मी तिथेच कोसळलो असतो. तुम्ही मला काम दिलंत. प्रत्येक सडातून आधी हातानं दोन-तीन धारा काढायच्या, दूध फाटलेलं किंवा गुठळ्यांचं नाही ना बघायचं, सड पुसायचे, पान्हा सुटला की दूध काढायच्या मशीनचे कप लावायचे, झाल्यावर आयोडीनमध्ये बुडवायचे, पुढची गाय. तुम्ही टोपी उलटी फिरवायचात, कारण कप लावताना कपाळ गायीच्या कुशीला टेकायचं. माझे वडील म्हशीखाली बसले की अगदी तसंच डोकं टेकवायचे. सातव्या का आठव्या गायीला मी पण डोकं टेकलं आणि तिथे मला रडू आलं, तिच्या कुशीत तोंड घालून रडलो, आणि ती ब्राऊन स्विस गाय रवंथ करत शांत उभी राहिली. तुम्ही शेजारच्या गायीपाशी होतात, रेडिओचा आवाज थोडा मोठा केलात आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. तेरा दिवस तुम्ही मला रोज साडेचारला उठवलंत. सुतकात काय करतात ते तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याहून बरं मला कुणी सांभाळू शकलं नसतं.

त्याच महिन्यात दूध ओतायची पाळी आली. शाळा बंद, हॉटेलं बंद, प्रोसेसिंगवाल्यांकडे जागा नाही, तीन हजार लिटरच्या आसपास दूध टाकीतून सोडून द्यायचं होतं. मी २०१८ च्या जुलैमधलं आमच्याकडचं दूध आंदोलन बघितलेलं, रस्त्यावर ओतलेलं दूध मला नवीन नव्हतं, पण तिथे लोक रागानं ओरडत होते, इथे कुणीच बोलेना. नातवंडं बघायला येत होती तर तुम्ही दार लावून घेतलंत. व्हॉल्व्ह तुम्ही स्वतः उघडलात, मुलाला हात लावू दिला नाहीत.

घरात तुमचा शब्द शेवटचा होता, पण कधी आवाज चढलेला ऐकला नाही. रात्री पत्ते, तुमचा युकर म्हणजे आमच्या मेंढीकोटचा भाऊच, हुकूम, जोड्या, सगळं सारखं, म्हणून मला दोन दिवसांत जमला. तेव्हा तुम्ही १९८६ चं सांगायचात, सरकार पैसे देत होतं की सगळा कळप कत्तलीला द्या नाहीतर देशाबाहेर विका आणि पाच वर्षं दूध धंद्यात पडू नका. शेजाऱ्यांनी घेतले, तुम्ही घेतले नाहीत. २०१९ या एकाच वर्षात तुमच्या राज्यात ८०० च्या वर गोठे बंद पडले, तेव्हाही तुम्ही टिकलात. आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून थांबलात. नात सांगते की ट्रक निघेपर्यंत तुम्ही एकेकीला नावानं हाक मारत होतात.

आणि खरवस आठवतो का? गाय व्यायली, वासराला पाजून उरलेला चीक मी मागितला तर आजींना वाटलं मी काहीतरी बिघडवतोय. गूळ-वेलची घालून वाफवला, तुम्ही एक वडी खाल्लीत, मग ताटच जवळ ओढून घेतलंत.

दिवाळीनंतर येतोय, तिकीट काढलंय. गूळ इकडनं आणतो. चीक मात्र शेजारच्यांच्या गोठ्यावर सांगून ठेवा.

तुमचा,
वरच्या खोलीतला