बाबांसाठी शुश्रूषा केंद्र निवडण्याआधी

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सोलापूरला आले होते तेव्हा केंद्राचा विषय निघाला की आई उठून आत जात होती आणि बाबा, तुम्ही काहीच बोलत नव्हता. म्हणून जे सांगायचे आहे ते सविस्तर लिहून पाठवते आहे. अर्धांगवायूनंतर बाबांना उठवून बसवायला आणि कूस बदलायला दोन माणसे लागतात, आईच्या कमरेला ते आता झेपत नाही, आणि घरी ठेवलेले मदतनीस फार दिवस टिकत नाहीत, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. काही महिने केंद्रात राहून नियमित फिजिओथेरपी घ्यावी, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. हा उपाय स्वीकारायचा की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे आहे. स्वीकारलाच, तर केंद्र कसे पारखावे, याविषयी मी जे पाहिले आणि या कामात मुरलेल्या परिचारिकांना विचारून जे समजून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवते.

माझे ठाम मत असे झाले आहे की केंद्राची परीक्षा तिथल्या सर्वांत परावलंबी माणसावरून करावी. जो चालतो, बोलतो आणि तक्रार करू शकतो, त्याला बहुतेक ठिकाणी बऱ्यापैकी वागवले जाते. पण ज्याला पाणी मागता येत नाही आणि स्वतःहून कूस वळता येत नाही, त्याचे ओठ, त्याची नखे आणि त्याच्या टाचा पाहिल्या म्हणजे तिथे खरोखर काय चालते ते कळते.

मी पाहिलेले पहिले केंद्र दिसायला फार सुंदर होते. गुळगुळीत फरशी, दिवाणखान्यात मोठा टीव्ही, बाहेर बाग, आणि व्यवस्थापकांचे बोलणे अत्यंत अदबीचे. अंथरुणाला खिळलेल्यांची खोली दाखवा म्हटल्यावर मात्र बराच वेळ टाळाटाळ झाली. शेवटी आत गेले, तेव्हा एका आजोबांचे ओठ कोरडे पडून फुटले होते आणि पाण्याचा तांब्या त्यांचा हात पोहोचणार नाही इतक्या लांब, खिडकीत ठेवलेला होता. कूस बदलल्याची नोंद करायचा कागद पलंगाला अडकवलेला होता. दुपारचे चार वाजले होते आणि त्या कागदावर संध्याकाळच्या सहाची आणि रात्रीच्या आठची नोंद आधीच झालेली होती. बाबा, तुम्ही जिल्हा परिषदेत सारी नोकरी हिशेब आणि नोंदवह्या तपासण्यात घालवली. आठवडाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या आणि एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या की त्याचा अर्थ काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या केंद्रात तुम्हाला ठेवायला माझे मन तयार नाही, आणि त्याचे कारण ही एकच नोंद पुरेशी आहे.

कूस बदलण्यावर मी इतका भर का देते, तेही सांगते. एकाच अंगावर पडून राहिले की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच इजा सुरू होते. माकडहाड, टाचा आणि खुबा ही मुख्य ठिकाणे. पहिली खूण म्हणजे लालसर डाग, जो बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही; त्या वेळी लक्ष दिले तर बहुधा पुढचे टळते, नाही दिले तर जखम उघडते आणि भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. बाबांच्या उजव्या अंगाची संवेदना कमी झालेली आहे, शिवाय मधुमेह आहे, त्यामुळे दुखते आहे हे त्यांना कळणारही नाही आणि जखम लवकर भरणारही नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत त्यासाठीच आहे. हवेच्या गादीने मदत होते, पण ती कूस बदलण्याच्या ऐवजी चालत नाही. तिचा पंप विजेवर चालतो, म्हणून वीज गेल्यावर तिथे काय सोय आहे, हेही विचारावे लागते.

दुसरे केंद्र होटगी रस्त्याच्या बाजूला आहे. इमारत जुनी, रंग उडालेला, आणि स्वागताच्या खोलीत दोनच खुर्च्या. तिथल्या सिस्टरना मी तोच प्रश्न विचारला जो पहिल्या ठिकाणी विचारला होता: सध्या किती जणांच्या अंगाला अशा जखमा आहेत, आणि त्यांतल्या किती इथे आल्यावर झाल्या? पहिल्या ठिकाणी "आमच्याकडे असे कधीच होत नाही" असे उत्तर मिळाले होते. या सिस्टर म्हणाल्या की दोघांना आहेत. एक आजी रुग्णालयातून जखम घेऊनच आल्या, आणि एका आजोबांच्या टाचेला इथेच झाली, ती आता भरत आली आहे. जखमेचे माप दर आठवड्याला लिहिलेले त्यांनी मला दाखवले. जिथे चूक लपवली जात नाही तिथे ती सुधारण्याची शक्यता असते, म्हणून त्या उत्तराने माझा विश्वास वाढला.

मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले होते. आई, पाणी पिताना बाबांना ठसका लागतो, हे तू मला फोनवर सांगितले होतेस. अर्धांगवायूनंतर गिळण्याचे स्नायू दुबळे होतात, आणि अशा वेळी घट्ट पेजेपेक्षा पातळ पाणी किंवा ताक गिळणे अवघड जाते; ते श्वासनलिकेत उतरले की फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. म्हणून रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, लहान घास द्यायचे, आधीचा घास गिळला गेला याची खात्री करायची आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यायचे असते. दुसऱ्या केंद्रातल्या मावशी स्टुलावर रुग्णाच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून भरवत होत्या आणि मध्ये थांबत होत्या. पहिल्या ठिकाणी एकच बाई उभ्या राहून तिघांच्या तोंडात घास घालत होती. तिला मी दोष देत नाही. एका माणसावर तिघांचे काम टाकणाऱ्यांचा तो दोष आहे. बाबा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुरुवातीला तुम्हाला मिळणार नाही, शेंगदाण्याचे कण घशात अडकण्याचा धोका असतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. पण भाकरी आमटीत पूर्ण भिजवून, कुस्करून द्यायला त्या स्वयंपाकघराची हरकत नाही. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवतात का, तेही विचारले. महिन्याभरात शंभरात पाच या प्रमाणात वजन उतरले, तर कारण शोधावेच लागते.

आपल्या सोलापुराला लागू असलेले आणखी एक गाऱ्हाणे आहे, ते म्हणजे पाणी आणि ऊन. नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्ही आयुष्यभर पाहत आला आहात. अंथरुणावरच्या माणसाची चादर दिवसातून दोनदाही बदलावी लागते, अंग पुसावे लागते, आणि पाणी तुटले की पहिली काटकसर इथेच होते. म्हणून टाकी किती मोठी आहे आणि नळ आला नाही तर टँकर कोण मागवते, हे मी विचारले. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. उतारवयात तहान लागल्याची जाणीव मंदावते, त्यात लघवीच्या गोळ्या चालू असल्या तर शरीरातले पाणी आणखी घटते आणि माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो. घरचे समजतात की वयामुळे भ्रम झाला. बाबांनी किती पाणी प्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन केंद्राला देऊ.

रात्रीचीही चौकशी केलीच पाहिजे. रात्री नऊनंतर मी न कळवता दुसऱ्या केंद्रात गेले. एक सिस्टर आणि दोन मदतनीस जागे होते, पॅसेजमध्ये दिवा होता, आणि घंटा वाजल्यावर मदतनीस लगेच उठून गेला. कोणाचे हात पलंगाला बांधलेले नव्हते. "पडू नयेत म्हणून बांधतो" असे काही ठिकाणी सांगतात, किंवा झोपेचे औषध देऊन गप्प ठेवतात. हे दोन्ही मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत 1987च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधून किंवा गुंगीत ठेवण्यास मनाई केली, आणि 2008पासून तिथले सरकार अशा केंद्रांना तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांची स्थिती यांवरून एक ते पाच तारे देते. आपल्याकडे कुटुंबाला स्वतः जाऊनच पाहावे लागते. आपल्या राज्यात 1949चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आजारी वा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागेला नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. दुसऱ्या केंद्रात ते भिंतीवर होते, मुदतीतले होते, आणि शेजारी दरपत्रकही होते.

एक गोष्ट मला विशेष भावली. तिथे एक आजी आहेत, ज्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि ज्यांना आता तेलुगूखेरीज काही उमगत नाही. त्यांच्याशी बोलायला त्यांनी तेलुगू येणाऱ्या मावशींचीच पाळी लावली आहे. बाबांना या सोयीची गरज नाही, पण जिथे माणसाच्या भाषेचा एवढा विचार होतो तिथे बाकीचाही होत असावा. बाबांना काय म्हणून हाक मारायची, हेही त्यांनी आपणहून विचारले. सगळे "अण्णा" म्हणतात, असे मी सांगितले.

उणिवाही आहेत. न्हाणीघराचा उंबरठा उंच आहे आणि त्यावरून चाकाची खुर्ची जात नाही. उतार करून देतो असे ते म्हणाले, पण तो झाल्याशिवाय आपण होकार द्यायचा नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनच दिवस येतात, उरलेल्या दिवसांचा व्यायाम मदतनिसांनी शिकून घ्यावा लागेल. डायपर, औषधे आणि रुग्णवाहिका यांचे पैसे वेगळे आहेत, आणि अनामत रक्कम कधी व किती परत मिळेल हे करारात संदिग्ध लिहिले आहे. बाबा, तो करार तुम्ही स्वतः वाचावा, कारण अशी वाक्ये तुमच्या नजरेतून सुटत नाहीत. खर्च मी आणि धाकटा मिळून करणार आहोत. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे आणि तसेच राहील. त्याचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही.

आई, तुला दिवसभरात केव्हाही जाऊन बसता येईल, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. भेटीच्या वेळेचे कडक बंधन घालणाऱ्या ठिकाणाचा मी विचारच केला नसता. तिथे गेल्यावर त्यांची कामे तू अंगावर घेऊ नकोस. बाबांजवळ बस, बोल, आणि टाचा व पाठ रोज एकदा डोळ्यांखालून घाल. काही खटकले तर आधी सिस्टरना सांग आणि त्याच दिवशी मला कळव. ज्येष्ठ नागरिकांसाठीची 14567 ही मदतवाहिनीही आहे, तो क्रमांक फोनजवळ लिहून ठेव.

पुढच्या रविवारी मी येते. बाबांची तयारी असेल तर गाडी करून आपण तिघे दुसऱ्या केंद्रात जाऊ आणि दुपारचे जेवण होईपर्यंत थांबू. आपण येतो आहोत असे त्यांना आधी कळवू नका. बाबांनी नोंदवह्या मागून पाहाव्यात, पलंगावर स्वतः पडून पाहावे आणि तिथे राहणाऱ्यांशी एकट्याने बोलावे. त्यानंतर तुम्ही नको म्हणालात, तर घरी दिवसा आणि रात्री वेगवेगळे मदतनीस ठेवण्याची व्यवस्था मी पाहीन. त्याची चौकशी सुरू केली आहे.

तुमची,
ताई