सायरन आतल्या पेशंटलाही ऐकू येतो

मा. संपादक,

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यांवर आसूड ओढणारे पत्र कालच्या अंकात वाचले. वाट दिलीच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी १० हजार रुपये दंड आहे, तो जरूर वसूल करा. पण सगळा दोष रस्त्यावरच्या माणसाच्या माथी मारला आणि सायरन वाजवणाऱ्याबद्दल अवाक्षर नाही, याचा मला राग आला.

गेल्या पावसाळ्यात माझी ८१ वर्षांची आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. म्हापशाला एक्स-रे काढला आणि ऑपरेशनसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यायचे ठरले. बीपी, ऑक्सिजन ठीक होते. मी ३४ वर्षे परिचारिका होते, तेवढे मला कळते. अशा पेशंटला दहा मिनिटे उशीर झाला तरी चालतो, धक्के बसलेले चालत नाहीत. खासगी रुग्णवाहिका आली आणि दार लागताच सायरन सुरू. मी काचेवर टकटक करून सांगितले, "बाबा, तो बंद कर, हळू चल." तर म्हणे, "मॅडम, सायरनाशिवाय बाजू कोण देणार?" पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापाशी गाडी खड्ड्यांतून आपटत गेली. आईने स्ट्रेचरचा दांडा असा आवळून धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली. पणजीच्या अटल सेतूवर तिने मला विचारले, "बाय, डॉक्टरान तुका कितें सांगलां गो?" तिला वाटले, आपल्यापासून काहीतरी लपवले आहे, नाहीतर एवढा आकांत कशाला? ८४ ची नाडी ११८ वर गेली होती.

हेच छातीत दुखणाऱ्या पेशंटचे झाले तर? शिवाय हेलकावणाऱ्या गाडीत शीर सापडत नाही, सलाईन लावता येत नाही. सायरनने वाचतात ती बहुधा दोन-चार मिनिटे. श्वास अडकला असेल, रक्त थांबत नसेल तर ती लाखमोलाची, तिथे सायरन हवाच. पण डायलिसिस आटोपून घरी जाणाऱ्यालाही सायरन, रिकाम्या परतणाऱ्या गाडीलाही सायरन! मग लोकांचे कान मरतात आणि खऱ्या गंभीर पेशंटची गाडी अडकते. अमेरिकेतल्या रुग्णवाहिका सेवेच्या संघटनांनीच २०२२ मध्ये सायरनचा वापर कमी करा, असे संयुक्त निवेदन काढले होते.

१०८ च्या गाडीत निदान प्रशिक्षित माणूस असतो. खासगी गाडीत पुष्कळदा एकटा चालकच. तेव्हा सायरन लावायचा की नाही, हे पेशंटला पाठवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवरच लिहून द्यावे आणि चालकाला ते बंधनकारक असावे.

आणखी एक. इस्पितळांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांना पांढरे पट्टे तरी मारा हो. त्या दिवशी आई किंचाळली ती पट्टे पुसून गेलेल्या गतिरोधकावर.

– एक निवृत्त परिचारिका, पेडणे