आरोग्य केंद्राची तपासणी एकदा रात्रीपण करा

मा. संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राला गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळाल्याची बातमी आली, सोबत फोटो, भिंतीवर वारली चित्रं काढलेली तीच बिल्डिंग. वाचून बरं वाटलं आणि खरं सांगतो हसूपण आलं, कारण मी रत्नागिरी जिल्ह्यात रिक्षा चालवतो, एकवीस वर्षं झाली, आणि याच केंद्राच्या गेटासमोरून रात्रीचे पेशंट घेऊन मी कितीतरी वेळा न थांबता पुढे गेलोय. पुढे म्हणजे अजून चौदा किलोमीटर, दुसऱ्या आरोग्य केंद्रात. दोघांची नावं मुद्दाम लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत आणि उद्या आजारी पडलो तर मलापण तिथेच जायचंय.

पुढे का नेतो ते सांगतो. मागच्या वर्षी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, एक आजोबा मांगरात (गोठ्याशेजारच्या खोपटात) लाकडं रचत होते, पायाला फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं. रात्रीचे साडेआठ झालेले, घोट्याला दोन टिपके आणि सूज चढत चाललेली. मी जवळच्या केंद्राकडे वळायला लागलो तर त्यांचा मुलगा मागून ओरडला, इथे नको, पुढे चल. त्याचं चुकलं नव्हतं. आदल्याच महिन्यात तिथे रात्री साडेअकराला तापाचं पोर घेऊन गेलो होतो तर आतून शिपाई म्हणाला डॉक्टर मीटिंगला गेलेत, पुढे न्या. साडेअकराला कसली मीटिंग हो?

दुसरं केंद्र बघाल तर भिंतीला शेवाळ, बोर्ड अर्धा पुसलेला. पण डॉक्टर क्वार्टरमध्येच राहतात, कंत्राटी आहेत, हाक मारल्यावर गंजीवर वरून शर्ट घालत आले. सिस्टरने काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं कोणी हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही, मोबाईलवर वीस मिनिटं लावली. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत उभे. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष अंगात भिनलंय. मग सापाच्या विषावरच्या लसीच्या बाटल्या काढल्या, ती पावडर असते, पाणी घालून विरघळवायची, आणि सिस्टर एकेक बाटली दोन्ही तळहातात धरून हळूहळू फिरवत होती, मी म्हटलं जोरात हलवा ना लवकर होईल, तर म्हणाली दादा फेस येतो, हलवायची नसते. दहा बाटल्या अशा केल्या. शेजारी ट्रेमध्ये एक इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं, लसीची रिॲक्शन आली तर लगेच द्यायला. लस चालू झाल्यावरच १०८ ला फोन करून जिल्ह्याला पाठवलं. आजोबा आज ठणठणीत, परवा कोकम विकायला बाजारात भेटले.

या दुसऱ्या केंद्राला कुठलं सर्टिफिकेट नाही.

माझी पुतणी नर्सिंगला आहे, तिला विचारलं या सर्टिफिकेटसाठी मार्क देतात कसे. तिने मोबाईलवर ती चेकलिस्टच दाखवली. आठ भाग आहेत, प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन मार्क, एकूण ७० टक्क्यांच्या वर गेलं पाहिजे, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. ही केंद्र सरकारची पद्धत, एनक्वास म्हणतात. २०१५ पासूनचं कायाकल्प वेगळं, ते स्वच्छतेचं बक्षीस. आणि खोटं कशाला बोलू, चेकलिस्ट चांगली आहे. औषधांचा साठा, इमर्जन्सी, पेशंटशी बोलणं, कचऱ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या, सगळं आहे त्यात, पेशंटला विचारून मार्क द्यायचे असंपण लिहिलंय. म्हणजे प्रश्न कागदाचा नाहीये, ती तपासणीची टीम येते कधी आणि विचारते कोणाला याचा आहे.

कारण टीम यायच्या आधी सगळ्या गावाला कळतं. कुंड्या माझ्याच रिक्षातून नर्सरीतून आणल्या, आठ कुंड्या, भाडं मिळालं ते नाकारत नाही. बायकांच्या संडासाला वर्षभर कुलूप होतं ते त्या दिवशी निघालं. ओपीडीत बसलेल्या बायका आशाताईंनी आदल्या दिवशी सांगून बोलावलेल्या, त्यांना साहेबांनी विचारलं सेवा कशी मिळते, त्या चांगली म्हणणार नाहीतर काय, समोर डॉक्टर उभे! संध्याकाळी गाड्या गेल्या की संडासाला परत कुलूप.

आता माझ्या आईचंच बघा. तिला बीपी आहे, गोळ्या त्या सर्टिफिकेटवाल्या केंद्रातूनच घेते. गोळ्या फुकट, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी आरोग्य केंद्रात केसपेपरपण फुकट झाला, त्याबद्दल सरकारला दुवाच आहे. पण गोळ्या मिळतात दहा दिवसांच्या, महिन्यातून तीन फेऱ्या, आमची रिक्षा घरची म्हणून ठीक, शेजारच्या काकूंना तीन वेळा भाडं मोडावं लागतं, मग त्या गोळ्याच बंद करतात आणि डोकं दुखायला लागलं की परत सुरू. आईच्या कार्डावर मागच्या चार वेळेला १३०/८० लिहिलंय. चारही वेळा मी सोबत होतो, मशीनचा पट्टा दंडाला लागलेलाच नाही. म्हणजे रजिस्टरमध्ये तिचं बीपी एकदम कंट्रोलमध्ये! तपासणीवाल्याने ते रजिस्टर उघडलं तर दोनपैकी दोन मार्क.

मला सिस्टर लोकांना दोष द्यायचा नाहीये हां. रजिस्टर भरा, मग तेच परत ऑनलाइन भरा, मग लसीकरण, मग मीटिंग. एका केंद्राला नियमाने कोकणासारख्या डोंगरी भागात २० हजार लोकवस्ती, सपाटीला ३० हजार, आणि जागा रिकाम्या असल्या तर तेवढ्याच माणसांनी ओढायचं. पुतणी म्हणते काका तुम्ही एक दिवस रजिस्टर लिहून बघा.

पण मग मोजायचं कसं, तर मोजलंय आधी लोकांनी. आपल्याच महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख म्हणून काम सुरू झालं होतं. गावातल्याच लोकांनी आपल्या केंद्राचं रिपोर्ट कार्ड भरायचं, हिरवा, पिवळा, लाल, आणि मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर बोलायचं, डॉक्टर आणि अधिकारी समोर बसलेले. पुतणीने अजून एक सांगितलं, मध्य प्रदेशात संशोधकांनी खेड्यातल्या दवाखान्यांत शिकवून तयार केलेले खोटे पेशंट पाठवले होते, डॉक्टरला पत्ता नाही. एका पेशंटला सरासरी चार मिनिटंपण मिळाली नव्हती. तसं आमच्याकडे कोणीतरी बीपीचा पेशंट बनून जाऊन बघा ना, पट्टा लागतो का.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आम्हा कोकणातल्या लोकांना माहीत आहेत. १९७६ ला ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचू चावून माणसं मरायची. ते रात्र रात्र पेशंटजवळ बसून नोंदी करायचे, त्यातूनच पुढे प्राझोसिन गोळीचा उपचार आला, परदेशातल्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला, २०२२ ला पद्मश्री मिळाली. त्या काळच्या त्या केंद्राला आजची चेकलिस्ट लावली असती तर किती मार्क पडले असते कोणास ठाऊक.

तर माझं म्हणणं एवढंच की मार्क द्यायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, न सांगता या, आणि रात्री या. दोन, केंद्रात बसलेल्या पेशंटला विचारता तसं केंद्र ओलांडून पुढे गेलेल्यांनापण विचारा, त्यांची नावं १०८ वाल्यांकडे असतील, स्टँडवरच्या आम्हा रिक्षावाल्यांकडे तर नक्कीच आहेत. एका रात्रीच्या जादा चौदा किलोमीटरचे मी तीनशे रुपये जास्त घेतो, म्हणजे यात माझं नुकसान काहीच नाही उलट फायदाच आहे, तरी लिहितोय.

टीमची परत यायची वेळ होईल तेव्हा स्टँडवर उतरा, मी नेतो, भाडं नको. फक्त गाडी रात्री अकरानंतर निघेल आणि आधी फोन कोणी करायचा नाही.

आपला,
एक रिक्षावाला, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)