रेवाच्या हातांना शिकू दे

नौपाडा, ठाणे

प्रिय निखिल,
स. न.

रेवाचा बेरा टेस्टचा, म्हणजे कानांच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. दोन्ही कानांत श्रवणदोष 90 डेसिबलच्या पुढे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 70 लाच बहिरेपणा धरतात, म्हणजे पोरगी थेट आमच्यातली!

कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोलून ठरवा, त्यात मी पडत नाही. पण ऑपरेशन, मॅपिंग (यंत्राचं सेटिंग), स्पीच थेरपी यांत बराच काळ जाईल. तोवर तिच्याकडे भाषा कुठली? साइन, म्हणजे आमची हातांची भाषा, आजपासून देता येते. ‘हात चालले की तोंड उघडत नाही’ असं कुणीतरी सांगेलच. ही समजूत जुनी आहे. 1880 साली मिलानला शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून साइन हद्दपार केली, 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव नाकारले. मधल्या पिढ्यांचं काय झालं ते माझ्याकडे बघून कळेल. माय, पाय, बाय, ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. वर्गात माझा निम्मा वेळ अंदाज बांधण्यात जायचा, आणि बाई फळ्याकडे वळल्या की तोही कारभार बंद.

पोटभर गप्पा मला कॉलेजनंतर मिळाल्या, तलावपाळीवर. आमची मंडळी दिव्याखालीच उभी राहतात, अंधारात बोलणार कसं? समोरासमोरच्या फलाटांवरून आमची भांडणंसुद्धा होतात, मध्ये लोकल आली की तेवढा मध्यंतर. आणि ही काही हातांनी बोललेली मराठी नव्हे. ‘कुठे’, ‘का’ वाक्याच्या शेवटी येतात, निम्मं व्याकरण भुवयांत असतं. तिथे माझं नाव म्हणजे गालावरची खळी. रेवालाही नाव मिळेल, पण ते डेफ माणसाने ठेवायचं असतं. तू घाई करू नकोस.

‘मूकबधिर’ मात्र लिहू नकोस. बोर्डांवर अजून आहे, ठाऊक आहे. पण रेवा मुकी कुठे आहे? कर्णबधिर म्हण, किंवा आमच्यासारखं सरळ डेफ. ‘बिचारी’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना तूच आवर.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 साली 10,000 शब्दांचा कोश पूर्ण केला, व्हिडिओ फुकट बघता येतात. दूध, झोप, आजी, अजून एवढ्यापासून सुरू करा. बाकीचं रविवारी घरी येऊन शिकवतो, वहिनींनाही बसव. तिच्याशी बोलताना खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो.

तुझा,
मंदार