भाकर एकट्याने मोडता येत नाही

नाशिक,
रविवार दुपार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न रोखठोक आहे : देव सगळीकडे आहे असं तुम्हीच सांगता, मग दर रविवारी उठून त्या इमारतीत कशाला जायचं? घरी बसून बायबल वाचलं तर चालत नाही का? चालतं की. वाचावंच. पण चर्च म्हणजे इमारत हे तू धरून चाललायस, आणि घोळ तिथेच आहे.

आम्ही वाचतो त्या मराठी बायबलात त्या जागी शब्द आहे ‘मंडळी’. ज्याने तो निवडला त्याला दाद द्यायला हवी. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. ग्रीक शहरात नागरिकांना हाक देऊन बोलावलं की जी सभा भरायची ती एक्लेसिया. त्यात धर्माचं असं काही नव्हतं. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस शहरातल्या चांदीच्या कारागिरांनी दंगा करून नाट्यगृहात गोळा केलेल्या जमावालाही हाच शब्द वापरलाय. इंग्रजीतलं ‘चर्च’ वेगळ्याच ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ ‘प्रभूचं’, म्हणजे प्रभूचं घर. गोव्याची ‘इगर्ज’ मात्र पोर्तुगीजमार्गे सरळ एक्लेसियाचीच लेक. वसईचे कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, तेही नेमकं आहे. ‘काय मंडळी, जेवणं झाली का?’ असं आपण भिंतींना विचारत नाही, एवढं लक्षात ठेवलंस तरी अर्धं काम झालं.

देवळाशी तुलना करायचा मोह तुला होणार. देवळात गाभारा आहे, मूर्ती आहे, आणि दर्शन एकट्याला, कुठल्याही वेळी घेता येतं. शेजारी दुसरा कोणी असला-नसला तरी काही बिघडत नाही. आमच्या मुख्य विधीचं तसं नाही. कोणीही स्वतःचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, स्वतः करू शकत नाही, तो दुसऱ्याच्या हातूनच घ्यावा लागतो. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या विधीचं, तर इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आकड्यानिशी लिहून ठेवलंय : धर्मगुरूबरोबर भोजन घेणारे चार, निदान तीन जण नसतील तर प्रभुभोजन करू नये. कॅथलिक नियमही सांगतो की योग्य कारण असल्याशिवाय धर्मगुरूने एकही भाविक हजर नसताना मिस्सा (त्यांची प्रभुभोजनाची उपासना) करू नये. तू म्हणशील, कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकरीपुढे लोक एकटे बसलेले दिसतात. दिसतात; पण ती भाकर मंडळीच्या मिस्सातूनच राखून ठेवलेली असते, आणि मुळात ती ठेवायची पद्धत पडली आजाऱ्यांना पोचवण्यासाठी.

इमारती तर फार पुढच्या. पहिली दोन-तीनशे वर्षं मंडळी मुख्यतः कोणाच्या तरी घरी जमायची. येशूचा आद्य प्रचारक पौल याच्या बायबलातल्या पत्रांत ‘तुझ्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम’ असे निरोप आहेत. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस या गावी असं एक घर १९३०च्या दशकात उत्खननात मिळालं. इसवी सन २४०च्या सुमारास त्या घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील एवढी एक लांब खोली केलेली. दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद, आणि हौदामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. २५६ मध्ये इराणी फौजेचा वेढा पडला, तेव्हा तटबंदीला आतून आधार म्हणून लगतच्या घरांत माती भरली गेली. त्या मातीनेच ती चित्रं टिकवली.

आता त्या खोलीत करायचे काय, ते. साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या माणसाने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या अर्जात रविवारची सगळी पद्धत सांगितलीय (पुढे याच जस्टिनला श्रद्धेपायी प्राण द्यावे लागले). शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तितकं वाचलं जातं. वाचणारा थांबला की अध्यक्ष उपदेश करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात. अध्यक्ष आपल्या ताकदीप्रमाणे उपकारस्तुती करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. वाटप होतं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. ज्यांना ऐपत आणि इच्छा आहे ते पैसे देतात; ते अध्यक्षाकडे जमा होतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते.

त्या गैरहजर माणसाच्या वाट्याकडे नीट बघ. तो आला नाही म्हणून वगळलेला नाही. त्याच्या नावाची भाकर घराबाहेर पडते. मंडळी म्हणजे काय हे मला कोणी एका वाक्यात विचारलं तर मी हेच दाखवीन. आणि आजही रविवारी तू कुठेही गेलास, मिस्साला किंवा आमच्या उपासनेला, तरी हाडं तीच दिसतील : वाचन, उपदेश, प्रार्थना, दान, भोजन.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो, कारण बिघाडातूनच उद्देश जास्त स्वच्छ कळतो. पहिला मोठा बिघाड ग्रीसमधल्या करिंथ शहरात, इसवी सन ५०च्या दशकात. तेव्हा रविवार सुट्टीचा नव्हता (ती सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली). बहुधा व्हायचं असं की पैसेवाले लवकर यायचे आणि आपापलं जेवण उरकायचे. गुलाम आणि मजूर काम संपवून पोचेपर्यंत शिल्लक काही नसायचं. पौल करिंथकरांना पत्रात लिहितो, एक जण उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. त्याचा उपाय बघ किती साधा : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आणि लगेच पुढच्या, १२व्या अध्यायात तो मंडळी म्हणजे एक शरीर असं सांगतो. डोळा हाताला म्हणू शकत नाही, मला तुझी गरज नाही. लोक हा अध्याय सगळीकडे वाचतात, पण तो पंगतीतल्या भांडणाच्या लगेच पुढे येतो हे विसरतात.

आपल्याकडे तोच रोग जातीच्या रूपात आला. दक्षिणेत काही चर्चमध्ये उच्च जातीचे आणि दलित वेगळे बसत, भोजन घ्यायला वेगवेगळे पुढे जात. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे ताबडतोब आणि कायमचं बंद करा असं पत्र काढलं. बरेच जण मंडळी सोडून गेले, पण भेद काही मेला नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून आमच्यात जात नाही असं कोणी तुला सांगितलं तर मान डोलावू नकोस. वेगळी पंगत ही वाईट चालरीत एवढंच म्हणून भागत नाही. ज्या कामासाठी मंडळी आहे तेच काम तिथे बंद पडतं.

दुसरा बिघाड पैशाचा. ‘दिदाखे’ नावाचं एक फार जुनं छोटं नियमपुस्तक आहे, त्यातली दक्षता वाच : फिरता प्रेषित आला तर स्वागत करा, एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दुसराही, तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीशिवाय काही घेऊ नये. पैसे मागितले तर खोटा. साधा वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस, आणि गावातच राहायचं म्हणत असेल तर त्याने आपला धंदा करून खावं. ही कसोटी आज लावली तर कित्येक मोठे मंडप ओस पडतील, पण ते असो.

तिसरा आपसातल्या तंट्याचा. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत एक्लेसिया हा शब्द फक्त मत्तयात सापडतो, १६व्या आणि १८व्या अध्यायात. १६व्यात ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ हे भव्य वाक्य. १८व्यात मात्र अगदी घरगुती कामाची पद्धत. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात लोक पहिली पायरी गाळतात, सरळ कमिटीत अर्ज टाकतात आणि तिथून कोर्टात.

तू जमिनीच्या खटल्यांबद्दल आणि धर्मगुरूंच्या भानगडींबद्दल लिहिलंस. पुढारी भ्रष्ट असेल तर त्याच्या हातची भाकर खरी का? हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. ३०३ साली रोमन सरकारने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तेव्हा काही बिशपांनी भिऊन पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. डोनाटस पंथ म्हणाला, अशांच्या हातचा संस्कार रद्द. तिथलाच बिशप ऑगस्टिन याचं म्हणणं : संस्कार ख्रिस्ताचा आहे, वाढणाऱ्याचा नाही, शेतात गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्रच वाढणार. मला हे पटतं. फक्त त्याचा वापर चोराला पाठीशी घालायला होतो तेव्हा संताप येतो. संस्कार खरा ठरला म्हणून हिशेब खरा ठरत नाही.

खरी मंडळी ओळखायची कशी यावर आमची घराणी वेगळी. कॅथलिक म्हणतात : प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा आणि पोपशी जोडलेपण. पोपपासून वेगळा झालेल्या लूथरच्या बाजूने १५३० साली जर्मनीत ऑग्सबर्गला दोन खुणा सांगितल्या : शुभवर्तमान शुद्ध शिकवलं जातं आणि संस्कार योग्य रीतीने होतात, तिथे मंडळी. आणि १९६४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चवरच्या दस्तऐवजात ‘देवाचे लोक’ हा अध्याय दुसरा ठेवला, बिशपांचा तिसरा. अध्यायांच्या क्रमाने केवढं सांगितलं बघ.

‘एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय’ असं मंडळीबद्दल मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही सगळेच म्हणतो. ‘एक’ म्हणताना जीभ अडखळायला हवी. उत्तर भारतात त्यासाठी १९२९ पासून बोलणी चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा बाळाला की मोठेपणी, ही मोठी अडचण. तोडगा असा की दोन्ही चालतील. त्याआधी १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. मंडळीची कड नेमकी कुठे संपते हा त्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

येत्या रविवारी येतोस ना? मागच्या बाकावर बस. शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतील, तूही राहा. भोजनासाठी रांग लागेल तेव्हा बसून राहिलास तरी कोणाला वावगं वाटणार नाही. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. ‘मिस्सा’ हे नाव, गंमत म्हणजे, लॅटिन विधीच्या शेवटच्या वाक्यातून आलंय : जा, आता निरोप आहे. पण तू लगेच जाऊ नकोस, बाहेर चहा असतो. आणि दोन-तीन जण डबा घेऊन घाईने निघताना दिसले तर वाट अडवू नकोस. एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे चालले असतील.

तुझा,
प्रभाकर